पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची; लेकराची जबाबदारी कोणाची?



हॉटेल हा शब्द आपल्या घरांत दोन अर्थांनी येतो. एक नाक्यावरचे हॉटेल. तेथे भट्टी पेटलेली असते, गल्ल्यावर शेठ बसलेला असतो आणि मोरीपाशी एखादा बारक्या कपबशा विसळीत असतो. दुसरे काचेच्या दाराचे. तेथे आपण पाहुणे म्हणून सहसा जात नाही, पण आपली बहीण तेथे खोल्या झाडते, भाचा सामान उचलतो, शेजारचे काका वॉचमनच्या कपड्यांत दाराशी उभे असतात. पहिल्या हॉटेलातल्या बारक्याविषयी निदान भाषणे तरी झाली. दुसऱ्या हॉटेलाविषयी आपण विचारतो ते एवढेच, की नोकरी लागते का, पगार किती, एक वेळचे जेवण मिळते का. आज आम्हांला या दुसऱ्या हॉटेलाविषयी लिहायचे आहे, कारण ते आता आपल्या गावाच्या शिवेपर्यंत येऊन पोहोचले आहे.

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. तेथे चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला आणि लगतच गोव्यात मोपाचा २०२३ च्या जानेवारीत. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला, म्हणजे वीजबिल आणि कर उद्योगाच्या दराने. २०२४ च्या जुलैत मंत्रिमंडळाने नवे पर्यटन धोरण मंजूर केले. दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार, असे त्यात योजले आहे. कोकणातले आपले पुष्कळ लोक मुंबईला आले ते गावात काम नव्हते म्हणून. गावातच काम मिळणार असेल तर कोणाला नको आहे? आमचा हॉटेलांना विरोध नाही. उलट, हॉटेलात पाऊल टाकण्याचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. वेगळ्या ठेवलेल्या कपांतून चहा प्यायलेली माणसे अजून हयात आहेत. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही हे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात स्पष्ट लिहावे लागले, ते उगाच नव्हे.

पण धोरणाचा हिशेब वाचताना आमच्या कारकुनी नजरेला एक गोष्ट खटकते. किती खोल्या, किती कोटी, किती रोजगार, हे सगळे रकाने भरलेले असतात. जेथे हॉटेल उभे राहणार तेथल्या मुलांचे काय होणार, हा रकानाच नसतो.

काय होऊ शकते, हे शेजारच्या गोव्याने पाहिले आहे. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा इसम अनाथ मुलांचा आश्रम चालवीत असे. लोक त्याला दयाळू समजत. १९९१ साली तो पकडला गेला आणि त्या आश्रमातली मुले परदेशी पाहुण्यांच्या विकृतीला पुरवली जात होती हे उघडकीला आले. १९९६ साली न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. तो आश्रम होता, हॉटेल नव्हते, हे खरे. पण पर्यटनाच्या पैशाबरोबर काय काय गावात शिरते, ते गोव्याला त्या प्रकरणाने शिकवले. आपल्या मुंबईतही डिसेंबर २००० मध्ये मालाडच्या बाजूला एका हॉटेलात एका स्विस दांपत्याला पोलिसांनी पकडले. रस्त्यावरच्या गरीब घरांतील लहान मुलींना नेऊन त्यांची अश्लील छायाचित्रे काढल्याचे ते प्रकरण होते. २००३ साली सत्र न्यायालयाने दोघांना सात वर्षांची शिक्षा सुनावली.

शिक्षा झाली, ठीक. आमचा प्रश्न वेगळा आहे. रस्त्यावरची मुलगी परक्या माणसांबरोबर कोणत्याही हॉटेलात जाते तेव्हा ती भिंतीतून आत जात नाही. दार असते, दाराशी वॉचमन असतो, काउंटर असते, जिना असतो, जिन्यावर झाडू मारणारी बाई असते. एवढ्या डोळ्यांसमोरून ती जाते. त्या डोळ्यांचे मालक कोण आणि त्यांना काय सांगून ठेवलेले असते?

अशा बातम्या वाचून आपण 'गोरे लोक तसलेच' म्हणून मोकळे होतो. तसे मोकळे होता येत नाही. प्रवास आणि पर्यटन यांतून होणाऱ्या मुलांच्या लैंगिक शोषणाचा जगभरचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की असे गुन्हे करणाऱ्यांत परदेशी पर्यटकांपेक्षा त्याच देशातले आणि आसपासचे प्रवासी जास्त असतात. कामासाठी आलेला, सहलीला आलेला, लग्नाला आलेला, कोणीही. पुष्कळ जण ठरवून आलेले नसतात. मूल हाताशी लागते, विचारणारे कोणी नसते, म्हणून करतात. विचारणारे कोणी नसते, या तीन शब्दांत सगळे आले.

आता हे विचारणे कोणाचे काम, ते पाहू. येथे आम्हांला आमचे बी.कॉम. थोडेसे उपयोगी पडते.

मोठ्या हॉटेल कंपन्या हल्ली गावोगाव वाढतात त्या स्वतःच्या पैशाने इमारती बांधून नव्हे. जमीन एकाची, इमारत बांधणारा दुसरा. कंपनी आपले नाव देते, बुकिंगची व्यवस्था देते आणि विक्रीच्या प्रमाणात फी घेते. कोठे कारभारही तीच पाहते, कोठे केवळ पाटी लावू देते. खोल्या झाडणारे ठेकेदाराचे, पहारेकरी सिक्युरिटी एजन्सीचे, चादरी बाहेरच्या लाँड्रीत, पाहुण्याला फिरवणारा गाडीवाला आणखी कोणाचा. ही युक्ती धंद्याला सोयीची आहे. भांडवल दुसऱ्याचे असल्याने साखळी झपाट्याने वाढते. यात बेकायदेशीर काही नाही.

पण ताळेबंद मांडून बघा. नफ्याच्या बाजूला सगळ्यांची नावे आहेत. जबाबदारीच्या बाजूला आले की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कंपनी म्हणते, इमारत आमची नाही. मालक म्हणतो, नोकर आमचे नाहीत. ठेकेदार म्हणतो, पाहुणे आमचे नाहीत. आणि चादर बदलायला गेलेल्या माणसाला जे दिसते ते त्याने कोणाला सांगायचे?

ही शंका आमच्या डोक्यातली नाही. आमच्या ओळखीचा एक तरुण महामार्गालगतच्या एका हॉटेलात रूम बॉय होता. हॉटेलचे नाव येथे सांगत नाही. एका रविवारी विहारातून निघताना त्याने आम्हांला गाठले. म्हणाला, "भाऊ, एक विचारायचं होतं. दोन रात्री एक गृहस्थ होते, बरोबर अकरा-बारा वर्षांची मुलगी. रजिस्टरला नाव त्यांचं एकट्याचं, खाली 'सोबत एक मूल' एवढंच. मुलगी खाली मान घालून. पाणी द्यायला गेलो तर दार अर्धंच उघडलं. मी सुपरवायझरला सांगितलं. ते म्हणाले, आपलं काम चादरी बदलायचं, पाहुण्यांच्या भानगडीत पडायचं नाही."

आम्ही विचारले, "मग पोलिसांना फोन का नाही केलास?"

तो म्हणाला, "भाऊ, आम्ही ठेकेदाराची माणसं. ती खरंच त्यांची मुलगी निघाली असती तर? आणि नसती निघाली तरी, दुसऱ्या दिवशी मला कामावर कोणी घेतलं असतं?"

ती मुलगी कोण होती, हे त्याला कळले नाही, आम्हांलाही नाही. कदाचित बाप-लेकच असतील. आईच्या निधनानंतर मुलीला घेऊन निघालेला एखादा बिचारा बापही असेल. पण हे ठरवण्याची काही तरी रीत त्या हॉटेलात हवी होती. ती नव्हती. जे ओझे कंपनीने उचलायचे, ते महिना जेमतेम पगार घेणाऱ्या एका ठेक्याच्या पोराच्या डोक्यावर ठेवून सगळे झोपले होते.

त्या तरुणाला जे कोणी सांगितले नव्हते, ते आपण समजून घ्यावे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पोक्सो कायदा, २०१२ चा. त्याच्या १९ व्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा झाला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा होण्याची ज्याला धास्ती वाटते, त्याने पोलिसांना कळवले पाहिजे. 'पुरावा हातात असेल तर' असे तेथे म्हटलेले नाही. पुरावा गोळा करणे हे पोलिसांचे काम. त्याच कलमात पुढे असेही आहे, की सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे 'ती खरंच त्यांची मुलगी निघाली असती तर' या भीतीला कायद्याने उत्तर दिले आहे. २० व्या कलमात तर हॉटेल आणि लॉज यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांचे लैंगिक शोषण दाखवणारे चित्र वा साहित्य तेथील कर्मचाऱ्यांना आढळले तर ते कळवणे बंधनकारक, मग तेथे नोकर दोन असोत की दोनशे. आणि २१ व्या कलमाप्रमाणे, आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला असा गुन्हा संस्थेच्या वा कंपनीच्या प्रमुखाने दडपला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

कायदा एवढा आहे. तो त्या पोराची नोकरी मात्र वाचवीत नाही. ती वाचवणे मालकाच्या हाती असते, आणि आम्ही नैतिक जबाबदारी म्हणतो ती हीच. मुलांच्या हक्कांचा सुंदर छापील मजकूर दर्शनी भिंतीवर लावणे म्हणजे जबाबदारी नव्हे. 'तू सांगितलेस म्हणून तुझे काम जाणार नाही' हे ठेकेदाराच्या माणसालासुद्धा लेखी देणे म्हणजे जबाबदारी.

गोव्याने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले, त्याचे श्रेय दिले पाहिजे. २००३ च्या गोवा बाल कायद्याने हॉटेल आणि राहण्याची सोय देणारी प्रत्येक जागा यांचे मालक-व्यवस्थापक यांच्यावर आपल्या आवारातील मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकली. नुसत्या आवारातील नव्हे, लगतचा किनारा आणि बगीचासुद्धा त्यात धरला. कुटुंबीय किंवा नातेवाईक यांच्यासोबत राहत असल्याची नोंद नसेल, तर कोणत्याही मुलाला खोलीत जाऊ देऊ नये, असेही त्यात आहे. पाहा, किती साधी गोष्ट. मुलाचे नाव रजिस्टरात हवे. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवायची शिस्त आपल्या हॉटेलांना आहे. मग लेकराचे पूर्ण नाव, वय आणि नाते लिहायला किती शाई लागते? 'सोबत एक मूल' ही नोंद सुटकेसची झाली, माणसाची नव्हे.

गोव्याचा कायदा सिंधुदुर्गाच्या शिवेवर थांबतो. हॉटेलवाले मात्र थांबत नाहीत.

जगात या कामाची सुरुवात नव्वदीच्या दशकात झाली. मुलांच्या लैंगिक व्यापाराविरुद्धची पहिली जागतिक परिषद १९९६ साली स्टॉकहोमला भरली, आणि १९९८ साली स्वीडनमधील एक्पॅट या संस्थेने प्रवासी कंपन्यांना बरोबर घेऊन एक आचारसंहिता तयार केली. नोकरांना प्रशिक्षण द्यायचे, पुरवठादार आणि ठेकेदार यांच्या करारातच मुलांच्या शोषणाविरुद्ध कलम घालायचे, दरवर्षी काय केले याचा अहवाल द्यायचा, अशा तिच्या अटी आहेत. अकोर या फ्रेंच हॉटेल कंपनीने २००१ साली एक्पॅटशी सहकार्याचा करार केला. हॉटेल कंपन्यांत ती पहिली. आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने १ जुलै २०१० रोजी सुरक्षित आणि सन्माननीय पर्यटनाची संहिता आणली. स्त्रिया आणि मुले यांचे शोषण होऊ देणार नाही, अशी शपथ त्यात आहे. शपथ चांगली आहे. पण शपथेला जोडून तपासणी नसली की ती फाईलला लागते आणि फाईल कपाटात जाते. फायलींचे आम्हांला सांगू नका, त्यांच्यातच आमचा जन्म गेला.

कोणी म्हणेल, एवढ्या शाखा, एवढे ठेकेदार, कंपनी कोठे कोठे बघणार? आमचे उत्तर असे, की हीच कंपनी उशा किती, टॉवेल कोणत्या रंगाचा, साबणाची वडी केवढी, हे तिच्या पाटीखालच्या प्रत्येक इमारतीत तपासते. माणूस पाठवून तपासते आणि नियम मोडला तर पाटी काढून घेण्याची धमकी देते. साबण तपासता येतो, तर नोकरांना मुलांविषयी शिकवले की नाही हेही तपासता येते.

अमेरिकेत हा युक्तिवाद आता न्यायालयात चालू लागला आहे. तेथील कायद्यानुसार मानवी तस्करीपासून ज्याला फायदा झाला आणि जे चालले होते ते ज्याला कळायला हवे होते, त्याच्यावर पीडित व्यक्ती भरपाईचा दावा लावू शकते. 'आम्हांला माहीत नव्हते' एवढे म्हणून भागत नाही. जॉर्जिया राज्यात एका मोटेलमध्ये सोळा वर्षांच्या मुलीला देहविक्रयाला लावले गेले होते. २०२५ च्या जुलैत तेथील ज्युरीने मोटेलच्या मालक कंपनीने तिला चार कोटी डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. खोलीचे भाडे घेतलेस, म्हणजे खोलीत काय चालते याचा हिशेबही तुझ्याकडे, असा त्याचा सरळ अर्थ आम्ही घेतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द. मुलांच्या संरक्षणाच्या नावाखाली भलतेच सुरू व्हायला वेळ लागत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून सज्ञान जोडप्यांना बाहेर ओढले, त्यावर केवढा गदारोळ झाला. त्यात एकाही मुलाचे भले झाले नाही. आणि चौकशीची सक्ती आली, की दारात पहिल्यांदा अडवला जातो तो साध्या कपड्यांतला, सावळ्या रंगाचा, आपल्यासारखा माणूस. मोटारीतून उतरणाऱ्याला सलाम मिळतो. म्हणून नियम हवा तो सर्वांना एकच. मूल बरोबर असेल तर मुलाची नोंद, मग बाप कोणीही असो.

दुसरी बाजूही विसरू नये. मूल पाहुण्याबरोबर येते तसे मागच्या दारानेही येते, कामाला. ढाबे, हॉटेले, रिसॉर्ट, चहाची दुकाने यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी जवळपास सर्व कामांना लागू झाली आणि मालकाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर लहान मूल दिसणार नाही. पण त्याच्या बांधकामावर, त्याच्या चादरी धुणाऱ्याकडे, लग्नाच्या रात्री भांडी घासायला आलेल्या केटररच्या टेम्पोत बघा. आपल्या वस्तीतल्या पोरांना 'एका रात्रीचे इतके' म्हणून नेतात ते तेथेच. काही आई-बाप स्वतः पाठवतात. त्यांची गरज आम्ही जाणतो, पण त्या रात्री पोर कोठे झोपले, कोणाजवळ झोपले, हे विचारल्याखेरीज पाठवू नका, एवढे तरी ऐका. चौदाच्या आतले असेल तर मुळीच पाठवू नका.

आणि आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली हॉटेलच्या कोर्समधून शिकाऊ म्हणून जातात, त्यांच्यासाठी. जाण्याआधी नेमणुकीचा कागद हातात घ्यावा. राहण्याची सोय कोठे आहे, ते पालकांपैकी एकाने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलीलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या जागी तक्रार समिती असलीच पाहिजे. तिच्या सदस्यांची नावे विचारावीत. विचारले म्हणून कोणी नोकरी नाकारली, तर ती जागा कशी होती ते आधीच कळले असे समजावे.

गावात हॉटेलचा विषय ग्रामसभेपुढे येतो तेव्हा आपले लोक मागे बसतात आणि 'आमच्या दोन पोरांना लावून घ्या' एवढे बोलून उठतात. या वेळी पुढे बसा. पोरांना लावून घ्या हे जरूर म्हणा, आणि सोबत हेही इतिवृत्तात लिहून घ्या: मुलांची नोंद रजिस्टरात पूर्ण होईल काय, ठेकेदाराच्या माणसांना पोक्सोची माहिती कोण देणार, आणि कळवणाऱ्याचे काम जाणार नाही याची हमी कोणाच्या सहीने मिळणार. महिला मंडळांनी हा विषय घेतला तर आम्हांला जास्त भरवसा वाटेल.

मूल संकटात दिसले तर १०९८ हा फोन क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. पोलिसांसाठी ११२. दोन्ही क्रमांक वही फाडून वस्तीतल्या हॉटेल कामगारांच्या खिशात घालावेत.

आमच्या वाचकांपैकी जे हॉटेलांत खोल्या झाडतात, पहारा देतात, काउंटरवर बसतात, त्यांनी आम्हांला दोन ओळी लिहाव्यात: मुलांच्या सुरक्षिततेविषयी तुम्हांला कधी कोणी काही शिकवले काय, आणि काही दिसले तर कोणाला सांगायचे हे तुम्हांला ठाऊक आहे काय. पत्र साप्ताहिकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावे. पाठवणाऱ्याचे आणि हॉटेलचे नाव छापले जाणार नाही.